दुखतंय कुठे, हे मांजर सांगत नाही

आजची गोष्ट माझ्या मांजरीपासून सुरू होते. म्हाळसा वाटीपाशी यायची, एक दाणा उचलायची आणि टाकून द्यायची. मला वाटलं, नखरे! तोंड उघडून बघितलं, तर दात ठीकठाक. डॉक्टर म्हणाल्या, "एक्स-रे काढू. भूल द्यावी लागेल." फोटोसाठी भूल? मी घाबरलो आणि घरी येऊन वाचत बसलो.

८ नोव्हेंबर १८९५ला जर्मनीत विल्हेल्म राँटजेनला क्ष-किरण सापडले. जानेवारी १८९६मध्येच ऑटो वॉल्कहॉफ या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला. त्यासाठी काचेची प्लेट तोंडात धरून तो तब्बल २५ मिनिटं स्थिर राहिला! आज हे काम क्षणात होतं. पण तो क्षणभरसुद्धा मांजर तोंडात काही धरून स्वस्थ बसेल का? म्हणून भूल.

आणि एक्स-रे हवाच कशाला? कारण दाताचं मूळ हिरडीखाली लपलेलं असतं. १९९८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दातांच्या उपचारांसाठी आलेली २२६ कुत्री आणि ११५ मांजरं त्यांनी तपासली होती. वरून निरोगी दिसणाऱ्या दातांच्या एक्स-रेमध्येही २७.८ टक्के कुत्र्यांत आणि ४१.७ टक्के मांजरांत दखल घ्यावी असं काहीतरी निघालं. म्हणजे माणसाच्या दातांचा पहिला एक्स-रे निघाल्यावर शंभर वर्षांनी या मुक्या जिवांची बाजू आकड्यांत मांडली गेली.

मांजरांत एक विचित्र आजार असतो. शरीरातल्या पेशीच दात पोखरतात. मूळ शाबूत असेल, तर मुळासकट दात काढतात. मूळ विरघळून हाडात मिसळलं असेल, तर बऱ्याचदा फक्त वरचा भाग काढून हिरडी शिवतात. यातलं काय करायचं, हे एक्स-रे बघूनच ठरतं.

म्हाळसाच्या रक्ताची तपासणी झाली, मग भूल, मग एक्स-रे. खालच्या एका दाढेत तेच निघालं. दाढ काढली. काही दिवसांनी तिने वाटी चाटूनपुसून साफ केली आणि मला मात्र अपराधी वाटलं. इतके दिवस ती सांगतच होती की! मी त्याला नखरे म्हणत होतो.

तुमच्याकडचं कुणी असं दाणे टाकत असेल, तर वाट बघू नका. भेटू पुढच्या भागात!