पहिली पाळी कोणाची?

फॅन्टसी बेसबॉलला मैदान लागत नाही. खऱ्या खेळाडूंमधून आपला कागदी संघ निवडायचा आणि हंगामभराच्या त्यांच्या आकडेवारीवर गुण मोजायचे. एक खेळाडू एकाच संघात, त्यामुळे भांडण ठरलेले: आधी निवडायचे कोणी?

पाळीपाळीने निवडण्याची ही पद्धत, म्हणजे ड्राफ्ट, आली अमेरिकन फुटबॉलमधून. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांचा संघ तळाला असे आणि चांगले खेळाडू बलाढ्य संघांकडे जात. शेवटच्या संघाने पहिला खेळाडू निवडावा, असे त्यांनी 1935मध्ये सुचवले. 1936च्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिला मान अर्थातच ईगल्सना मिळाला. त्यांनी निवडलेला जे बर्वँगर मात्र व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही! व्यावसायिक बेसबॉलने ड्राफ्ट स्वीकारला तो 1965मध्ये.

दुबळ्याला झुकते माप, हा या पद्धतीचा हेतू. कागदी खेळात मात्र हंगामाच्या आरंभी सगळेच सारखे. तिथे झुकते माप म्हणजेच अन्याय. म्हणून ‘स्नेक ड्राफ्ट’ रुजला: संघ बारा असतील तर पहिली फेरी 1 ते 12, दुसरी 12 ते 1, आणि पुढे असेच नागमोडी. पहिल्याला 1 आणि 24 क्रमांकाची निवड, बाराव्याला 12 आणि 13. बेरीज दोन्हीकडे 25. पण पहिले मोजके खेळाडू बाकीच्यांच्या फार पुढे असतात. तेराव्या आणि चोविसाव्यात तेवढी दरी नसते. शिवाय तिसऱ्या फेरीत पहिल्यालाच 25वी निवड मिळते, बारावा थेट 36वर. यावर उपाय म्हणून काही लीग तिसरी फेरीही उलटीच घेतात. मग 25वी बाराव्याला मिळते.

दोघांच्या वाटणीसाठी गणितात याहून बारीक क्रम आहे: अ ब ब अ, ब अ अ ब. आधीच्या रांगेला तिचीच उलटापालट जोडत जायची. गणितज्ञ प्रूए यांनी 1851मध्ये या रचनेचा उपयोग केला होता. नाव मात्र लागले नंतरच्या थू आणि मोर्स यांचे. स्टीव्हन ब्रॅम्स आणि ॲलन टेलर या अभ्यासकांनी वाटणीच्या न्यायासाठी तिची शिफारस केली. पण बारा जणांसाठी ती इतकी सरळ उरत नाही.

पाळीच काढून टाकली आणि लिलाव केला तर? समाजशास्त्रज्ञ विल्यम गॅमसन 1960पासून मित्रांबरोबर बेसबॉलच्या आकड्यांचा एक खेळ खेळत. त्यात सामील झालेल्या रॉबर्ट स्क्लार या प्राध्यापकांकडून तो त्यांचा विद्यार्थी डॅनियल ओक्रेंट याच्या कानी गेला. 1980मध्ये ओक्रेंट आणि मित्रांनी न्यूयॉर्कच्या ‘ला रोटिसेरी फ्रान्सेज’ या रेस्तराँच्या नावावरून ‘रोटिसेरी लीग’ सुरू केली आणि खेळाडूंचा लिलाव मांडला. पुढे रूढ झालेला हिशोब असा: प्रत्येकाला 260 डॉलर, त्यांत 23 खेळाडू. हवा तो तारा कोणीही घ्यावा, फक्त उरलेल्या पैशात बाकीचा संघ उभारावा.

इथे नशिबाचा वाटा जवळपास संपतो, पण वेळ फार जातो. म्हणूनच असंख्य लीग आजही पाळीवरच चालतात. ज्यांना लिलावाइतकी सवड नाही, त्यांनी निदान तिसरी फेरी उलटवावी. त्याला एक पैसाही लागत नाही.