भरपाईचा हिशेब : नेसरी, आज्ञापत्र आणि जंगल

मराठी वाचकाला नेसरी हे गाव ठाऊक आहे ते एका खिंडीमुळे. 24 फेब्रुवारी 1674 रोजी सरनोबत प्रतापराव गुजर मोजक्या स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि मारले गेले. पुढे कवितेने आणि गाण्याने ती घटना इतकी आपलीशी केली की गडहिंग्लज तालुक्यातील या गावाचे दुसरे काही वैशिष्ट्य असू शकते, हेच आपण विसरून गेलो. आम्हांला येथे त्या घटनेच्या उत्तरार्धाकडे लक्ष वेधायचे आहे. प्रतापरावांनंतर सरनोबतीची वस्त्रे हंसाजी मोहित्यांना मिळाली व ते हंबीरराव झाले. प्रतापरावांची कन्या जानकीबाई पुढे राजारामांची राणी झाली. म्हणजे पद भरले गेले, कुटुंबाचा मानही राखला गेला. परंतु त्यामुळे प्रतापराव परत आले, असे कोणत्याही बखरकाराने लिहिले नाही. भरपाई आणि परतफेड यांतला हा भेद जुन्या मराठी मनाला पुरता कळत होता. आधुनिक पर्यावरण कायद्याच्या भाषेत मात्र तो पुसट होत गेला आहे, असे आमचे म्हणणे आहे.

नेसरीहून पश्चिमेकडे निघाले की चंदगड आणि आजऱ्याचा मुलूख लागतो. पाऊस वाढतो, उसाची शेते मागे पडतात आणि सह्याद्रीचे जंगल सुरू होते. याच पट्ट्यात 2002च्या सुमारास दांडेलीच्या बाजूने आलेले हत्ती प्रथम दोडामार्गाच्या परिसरात आणि नंतर चंदगड-आजऱ्यात वावरू लागले. याच पट्ट्यात जांभ्या खडकाचे विस्तीर्ण सडे आहेत आणि त्यांच्या पोटात बॉक्साइट आहे. शाहूवाडी, राधानगरी, चंदगड या तालुक्यांनी त्याच्या खाणी पाहिल्या आहेत. खाण, धरण, रस्ता यांसाठी वनजमीन देताना तिच्या बदल्यात अन्यत्र झाडे लावायची, या व्यवस्थेला आपण ‘पर्यायी वनीकरण’ म्हणतो. ही कल्पना कोठून आली, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

मराठीतील राजनीतीचा श्रेष्ठ ग्रंथ म्हणजे ‘आज्ञापत्र’. रामचंद्रपंत अमात्यांनी तो इ.स. 1715च्या सुमारास करवीरच्या संभाजीराजांसाठी रचला. त्यातील आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा प्रश्न येतो. अमात्यांचे सांगणे असे की आंबा, फणस ही झाडे जहाजांच्या कामाची असली तरी त्यांना हात लावू देऊ नये. कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बळजोरी करू नये. या उताऱ्याला ‘शिवकालीन पर्यावरणवाद’ म्हणण्याची अलीकडे प्रथा पडली आहे, ती आम्हांला तितकीशी पटत नाही. येथे विचार रयतेचा आहे, अरण्याचा नव्हे. तरीही दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक, झाडाचे वय हे मोलाचा भाग मानले आहे. दोन, मोल देण्याआधी संमतीची अट आहे. पैसा हा संमतीनंतर येतो, तिच्याऐवजी येत नाही.

इंग्रजी अमदानीत हा क्रम बदलला. मुंबई इलाख्यात 1847 साली अलेक्झांडर गिब्सन यांच्या हाताखाली वनखाते सुरू झाले. पुढे 1865, 1878 आणि 1927 या वर्षी वनकायदे झाले. रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि जहाजांसाठी साग हवा होता. जेवढा तोडला तेवढा पुन्हा लावायचा, हे युरोपीय वनविद्येचे सूत्र येथे रुजले. ‘तोडा आणि लावा’ हा हिशेब तेव्हापासूनचा. पण त्यात मोजले जात होते ते लाकूड. जंगलातल्या उरलेल्या सजीवांना खतावणीत रकानाच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर 1951 ते 1980 या काळात सुमारे 43 लाख हेक्टर वनजमीन अन्य कामांसाठी गेली, असे सरकारी आकडेच सांगतात. 1980च्या वन (संवर्धन) कायद्याने या ओघाला बांध घातला, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. केंद्राच्या परवानगीशिवाय वनजमीन देता येईना. परवानगी मिळाली तर तेवढीच वनेतर जमीन द्यायची व तिच्यावर झाडे लावायची, आणि ठरावीक परिस्थितीत अवनत वनजमिनीच्या दुप्पट क्षेत्रावर लावायची, अशी रीत पडली. गोदावर्मन खटल्यात 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने या पैशासाठी स्वतंत्र निधीचा आदेश दिला. 2008 साली जंगलाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ हेक्टरी 4.38 लाख ते 10.43 लाख रुपये असे ठरले. 2016 साली या निधीचा स्वतंत्र कायदा झाला.

व्यवहारात काय घडले? महालेखापरीक्षकांनी 2013च्या अहवालात 2006 ते 2012 या काळाचा हिशेब मांडला. 1,03,381 हेक्टर वनेतर जमीन मिळायला हवी होती. मिळाली 28,086 हेक्टर. तिच्यावर वनीकरण झाले ते अवघ्या 7,280 हेक्टरांत. म्हणजे देणे होते त्याच्या सात टक्के.

पण समजा, शंभर टक्के झाले असते, तर? आमच्या मते खरा प्रश्न हा आहे. सड्यावर मोठी झाडे नसतात, म्हणून कागदावर तो ‘पडीक’ ठरतो. पावसाळ्यात मात्र त्याच पातळ मातीच्या थरावर गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू अशा वनस्पती फुलतात. त्यांपैकी कित्येक सह्याद्रीबाहेर कोठेही नाहीत. भरपाई म्हणून अशाच एखाद्या ‘रिकाम्या’ सड्यावर खड्डे खणून ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा गिरिपुष्प लावले, तर एक अधिवास खाणीत गेला आणि दुसरा भरपाईत गेला. वहीत मात्र जमा आणि नावे बरोबर जुळतात.

हा प्रश्न केवळ आपला नाही. जर्मनीने 1976च्या निसर्गसंरक्षण कायद्यात भरपाईचे बंधन घातले. अमेरिकेत पाणथळ जागांसाठी ‘निव्वळ हानी नको’ हे धोरण 1980च्या दशकाअखेर पुढे आले. इंग्लंडमध्ये 2024पासून बांधकामांना जैवविविधतेत दहा टक्के भर दाखवावी लागते. या सर्व ठिकाणी तत्त्वतः एक पायरी मान्य आहे: प्रथम हानी टाळावी, मग कमी करावी, आणि उरलेल्याचीच भरपाई करावी. आपल्याकडे शेवटची पायरीच पहिली झाली. ग्रेट निकोबारमधील सुमारे 130 चौरस किलोमीटर वर्षावनाची भरपाई हरियाणात करण्याचे ठरते, तेव्हा झाडांची संख्या पुरते. बेट कोठून आणणार?

कोल्हापूरच्या परिसरातील अनुभव या बाबतीत अधिक बोलका आहे. राधानगरी धरणाशेजारीच दाजीपूरचे गव्यांचे अभयारण्य 1958 साली झाले. कोयना आणि वारणेच्या जलाशयांभोवतालचे जंगल राखून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. उरलेले राखणे, ही भरपाईची सर्वांत प्रामाणिक पद्धत होय; येथे नवे जंगल निर्माण केल्याचा दावा नाही. तरीही त्या जंगलात वाघ नांदावा म्हणून 2025 साली ताडोब्याहून वाघीण आणावी लागली. राखलेल्या जंगलाची ही कथा, तर लावलेल्या जंगलाची काय असेल? आणि चांदोलीतून उठविलेल्या गावांनीही या राखणीची किंमत मोजली आहे. त्यांचा रकानाही सहसा रिकामाच असतो.

साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयात का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की येथे भांडण शब्दांचे आहे. ‘पडीक’, ‘अवनत’, ‘पर्यायी’, ‘भरपाई’ हे शब्द जमिनीचे भवितव्य ठरवितात. पर्यायी शब्दही मूळ शब्दाची जागा पुरती घेत नाही, हे जो वर्गात शिकवितो, त्याला पर्यायी वनाविषयी शंका यायलाच हवी. भरपाई अवश्य घ्यावी. ती न घेणे हा आणखी मोठा अन्याय होईल. पण ती घेताना गेलेले गेले, हे त्याच कागदावर लिहून ठेवावे. अमात्यांनी झाडाचे वय आणि धन्याचा संतोष हे दोन्ही हिशेबात धरले होते. तीनशे वर्षांनंतर आपल्या नमुन्यांत निदान तेवढे दोन रकाने तरी असावेत.