अनुभव असला की पक्षपात होतो? जज मोटली यांची गोष्ट

आपल्याकडे खालच्या कोर्टात न्यायाधीश व्हायचं म्हणजे परीक्षा आली. अमेरिकेच्या फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात, म्हणजे जिथे साक्षी-पुरावे होऊन खटला पहिल्यांदा चालतो तिथे, अशी परीक्षाच नाही. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मंजुरी देतं आणि नेमणूक आयुष्यभराची. मग तिथवर पोचायचं कसं? आज कॉन्स्टन्स बेकर मोटली यांचा रस्ता बघू.

जन्म १९२१चा, कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनचा. आईवडील कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून आलेले, वडील स्वयंपाकी. शाळा संपली आणि पैशांअभावी शिक्षण थांबलं. एका सभेत त्यांचं बोलणं ऐकून क्लॅरन्स ब्लेकस्ली नावाच्या धनिकाने पुढच्या शिक्षणाचा खर्च उचलला. १९४६ साली त्या कोलंबिया विद्यापीठातून वकील झाल्या. हो, बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली जिथे शिकायला गेले होते, तेच कोलंबिया.

पुढची बरीच वर्षं थरगुड मार्शल यांच्या टीममध्ये वर्णभेदाविरुद्धचे खटले. सुप्रीम कोर्टात दहा खटले लढवले, नऊ जिंकले. १९६२ साली मिसिसिपी विद्यापीठात पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी जेम्स मेरेडिथ शिरला, तोही मोटलींनी लढवलेल्या केसमुळेच. तेव्हा तिथे दंगल झाली, दोन माणसं मेली, सैन्य बोलवावं लागलं.

जानेवारी १९६६मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या कोर्टासाठी त्यांचं नाव सुचवलं. पण सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते जेम्स ईस्टलँड. आणि ते कुठले? मिसिसिपीचे! त्यांनी प्रकरण लटकवलं. मंजुरी मिळाली थेट ऑगस्टच्या शेवटी. मोटली अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला फेडरल न्यायाधीश झाल्या.

गोष्ट इथे संपत नाही. १९७५ साली एका महिला वकिलाने एका बड्या लॉ फर्मवर स्त्री म्हणून भेदभाव केल्याचा दावा लावला. केस मोटलींकडे आली. फर्मचं म्हणणं, तुम्ही स्वतः स्त्री, त्यात नागरी हक्कांच्या वकील, तेव्हा तुम्ही बाजूला व्हा.

मोटलींनी नकार दिला. त्यांचा मुद्दा साधा होता: लिंग, वर्ण आणि आधीची वकिली हीच अडचण असेल, तर या कोर्टातल्या एकाही न्यायाधीशाला ही केस ऐकता येणार नाही. कारण लिंग आणि वर्ण प्रत्येकालाच असतो.

म्हणजे बघा, गोरा पुरुष जज बसला की तो आपोआप तटस्थ, आणि बाई बसली की 'एका बाजूची'. मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे ज्याने तो मॉड्यूल स्वतः हाताळलाय, त्यालाच आधी रिव्ह्यूला बसवतात. तो पक्षपाती आहे असं कुणी म्हणत नाही. त्याला अडचणी कुठे येतात ते ठाऊक आहे, असंच म्हणतात.

मोटली पुढे १९८२ साली त्याच कोर्टाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या आणि २००५ साली वारल्या. आता कुणी म्हणालं ना, की 'हा विषय तुझा स्वतःचा आहे, तू यात बोलू नकोस', तर एवढंच विचारा: मग बोलायचं कुणी? चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!