काळा फोन

आमच्या घराच्या माळ्यावर पूर्वी आंबेमोहराची कणगी असायची. आता तिथं अकरा काळे फोन आहेत. सगळे डायलचे. बारावा त्याहून जुना, बाजूला हँडल असलेला. घरची माणसं म्हणतात, "भंगारच गोळा करायचंय तर लोखंड तरी आण, किलोवर जाईल."

मुठा गाव पिरंगुटवरून उरवड्याच्या रस्त्यानं आत. नदीचं नाव तेच, गावाचंही तेच. आता हाच रस्ता पुढं टेमघरवरून लवासाला जातो, म्हणून शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. मागं एक फार्महाऊसवाले पाहुणे आले. त्यांच्या हॉलमध्ये पितळी मढवलेला, नक्षीदार लाकडी फोन आहे, तो त्यांनी कौतुकानं दाखवायला आणला होता. म्हणाले, "ब्रिटिशांच्या काळातला आहे." मी हातात घेतला तर हलका. डायलच्या भोकात बोट घातलं तर डायल फिरेना, कारण ती फिरायचीच नव्हती; भोकांच्या जागी बटणं होती. वाईट वाटलं, पण बोललो नाही. पाहुण्याला काय सांगणार?

खरा फोन ओळखायचा तर आधी उचलून बघावा. त्याच्या पोटात दोन वाट्यांची घंटी, तांब्याची गुंडाळी आणि कंडेन्सर असतो, त्यामुळं तो अंगानं जड लागतो. मग वरचं कवच बघावं. ते बेकेलाईटचं असेल तर ऊन पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं चोळल्यावर कार्बोलिकसारखा वास येतो. बेकेलाईट 1907 साली निघालं. एकदा साच्यात पक्कं झालं की पुन्हा वितळत नाही. नंतरच्या प्लॅस्टिकला हा वास नाही. दोरी सुताची विणलेली असेल तर जुनी, गुंडाळीची प्लॅस्टिकची असेल तर पुढची किंवा कुणी बदललेली. मग फोन उलटा करावा. ब्रिटिश टपालखात्याच्या फोनवर कारखान्याचं अक्षर आणि सालाचे दोन आकडे सापडतात. आपल्याकडं बहुतेक वेळा आयटीआयची खूण मिळते. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना 1948 साली बंगळूरला निघाला, आणि पुढं चाळीसेक वर्षं देशातल्या टेबलांवर त्याचेच फोन बसले. ते दिसायला साधे, म्हणून त्यांना कुणी विचारत नाही.

मुंबईला टेलिफोन एक्स्चेंज 1882 साली सुरू झालं. त्या वेळी फोनला डायल नव्हती. उचलायचा, पलीकडच्या माणसाला नंबर सांगायचा, तो बोर्डावर वायर खोचून जोडून द्यायचा. हा मधला माणूस काढून टाकायचं डोकं चालवलं अमेरिकेतल्या स्ट्रोजर नावाच्या गृहस्थानं. धंद्यानं तो प्रेतं पोचवण्याचं काम करणारा! त्याच्या यंत्राचं पेटंट 1891 चं. बोटानं फिरवायची डायल त्यानंतर काही वर्षांनी आली. डायलची गंमत परतीत आहे. आपण फिरवतो तेव्हा काहीच घडत नाही. बोट सोडल्यावर ती परत येताना लाईन तोडत-जोडत येते. तीन फिरवला की तीन ठोके, शून्य फिरवला की दहा. सेकंदाला दहा ठोके हा हिशोब. डायलच्या मागं एक इवलासा गव्हर्नर असतो, तो हा वेग सांभाळतो. जुन्या फोनमध्ये त्याचं तेल चिकट होतं आणि डायल म्हाताऱ्यासारखी कण्हत परत येते. वंगण पुसून घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब दिला, की पुन्हा खर्रर्र.

आमच्या खोऱ्यात ही खर्रर्र फार उशिरा आली. माझ्या लहानपणी फोन म्हणजे तालुक्याचं पोस्ट. मुळशी, मावळ, खेड, जुन्नरची माणसं मुंबईत डबे वाहायला जायची. आमचे दादाही त्यातलेच. गिरगावात ज्या चाळीत ही मंडळी राहायची, तिच्या खाली एका वाण्याचं दुकान होतं आणि दुकानात फोन. दादांच्या डायरीत तो नंबर आहे, पुढं 'पी.पी.' लिहिलेलं. पी.पी. म्हणजे फोन दुसऱ्याचा, निरोप आपला.

1974 च्या पावसाळ्यात आजी अंथरुणाला खिळली. मी नऊ वर्षांचा होतो. तात्या, माझे चुलते, सकाळीच घोंगडी घेऊन तालुक्याला निघाले. ट्रंक कॉल तीन तऱ्हांचे: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग. अर्जंटला पैसे जास्त, लायटनिंगचं तर नावच घ्यायला नको. खिशात होते तेवढ्यात तात्यांनी ऑर्डिनरी लावला. अकराला लावलेला कॉल अडीचला लागला. वाणी म्हणाला, "गडी आत्ताच जेवून रिकामे डबे आणायला गेले. रात्री निरोप देतो." रात्रीच्या निरोपानं दादा पहाटेच्या एस.टी.त बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी गावात पोचले तेव्हा नदीकाठची राख पावसानं विझली होती.

दादांनी तात्यांना कधी एक शब्द विचारला नाही. पण तात्या आजही अधूनमधून म्हणतात, "अर्जंट लावायला पाहिजे होता."

दादा गेल्यावर मला हा नाद लागला. पहिला फोन पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी घेतला. धुळीनं माखलेला, तोंडाची जाळी फुटलेली. त्या काळी फोन गिऱ्हाइकाच्या मालकीचा नसायचा. तो सरकारचा, आपण नुसतं भाडं भरायचं. त्यामुळं जुने फोन बाजारात आले ते बहुतेक लिलावातून, भंगारातून. डायलच्या मधोमध पारदर्शक चकतीखाली गोल कागदी चिठ्ठी होती, शाईनं नंबर लिहिलेली. मला तेव्हा अक्कल नव्हती. फोन लखलखीत करायच्या नादात सगळी डायल थिनरमध्ये बुडवली. चिठ्ठी बाहेर काढली तेव्हा ती कोरी, नुसता निळा डाग. वर पॉलिश पेपर मारला तो वेगळाच. बेकेलाईटची चमक वरच्या पातळ थरात असते. तो गेला की खालचा मुरवलेला लाकडाचा भुसा उघडा पडतो आणि फोन राखेसारखा दिसतो.

एवढंच आठवतं की आकडे सहा होते. मुंबईचे नंबर पूर्वी सहा आकडी, मग सात, मग पुढं दोनचा आकडा लागून आठ. पुण्यालाही मध्ये काही वर्षं सहा होते. म्हणजे तो फोन कुठलाही असू शकेल. गिरगावातल्या वाण्याचा असण्याची शक्यता लाखात एक. पण ती शक्यतासुद्धा मी माझ्या हातानं पुसली. दादांची डायरी समोर उघडून बसलो तरी आता ताडून बघायला काही नाही.

तेव्हापासून नियम केला. आधी चिठ्ठी काढून वहीत ठेवायची, मग साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. डायलच्या पत्त्यांमधून कोरा कागद ओढायचा, काजळी त्यावरच निघते. घसारा, ओरखडा, कुणी नखानं कोरलेलं नाव, सगळं राहू द्यायचं. आतल्या कार्बनचे कण बसले असतील तर तोंडाची बाजू तळहातावर हलकी आपटायची, पूर्वी लोक आपटायचे तशीच. उगाच नव्हते आपटत.

देशात 1984 साली सी-डॉट निघाली, तिची लहान गावांसाठीची एक्स्चेंज आली, पाठोपाठ एसटीडीच्या पिवळ्या पाट्या आणि मग मोबाईल. आता तांब्याची लाईनच उरली नाही, म्हणून मी दोन फोन बॅटरीवर जोडतो. एक माळ्यावर, एक ओट्यावर. घंटी वाजवायला तो बारावा, हँडलचा फोन. त्याच्या पोटातल्या मॅग्नेटोचं हँडल फिरवलं की वीज तयार होते आणि पलीकडं घंटी वाजते.

गेल्या दिवाळीत तात्या ओट्यावर बसले होते. मी माळ्यावरून हँडल फिरवलं. घंटी इतक्या जोरात वाजली की कोंबड्या उडाल्या. तात्यांनी दोन्ही हातांनी फोन उचलून कानाला लावला.

"हॅलो," मी म्हणालो, "तात्या, ऐकू येतंय का?"

बराच वेळ काहीच नाही. नुसता श्वास. मग म्हणाले, "लगेच लागला की रे."