लहान फोन मागे का पडला?

२००७ सालच्या पहिल्या आयफोनच्या पडद्याचा कर्ण ३.५ इंच होता. २०११ मध्ये सॅमसंगने ५.३ इंची गॅलॅक्सी नोट आणला आणि पुढे पडदे वाढतच गेले. याचे एक कारण साध्या भूमितीत आहे. लांबी-रुंदीचे प्रमाण तेच ठेवून कर्ण ४ इंचांवरून ६ इंच केला, तर क्षेत्रफळ दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते. पडद्यामागे बॅटरीलाही तेवढीच ऐसपैस जागा मिळते. लहान फोनमध्ये मात्र सारे भाग दाटीने बसवावे लागतात. म्हणून ‘लहान म्हणजे स्वस्त’ हे गणित येथे चुकते.

२०१६ चा ४ इंची आयफोन एसई अमेरिकेत ३९९ डॉलरला मिळे, कारण त्याचा सांगाडा २०१३ च्या ५एसचाच होता. २०१८ मध्ये तो बंद झाला. २०२० चा ५.४ इंची १२ मिनी ७०० डॉलरच्या घरात गेला. मिनी मालिकाही २०२३ मध्ये संपली.

पडदे वाढले, माणसाचा पंजा वाढला नाही. एका हातात मावणाऱ्या फोनची गरज त्यामुळे संपलेली नाही. पण नव्या सांगाड्याचा खर्च वाटून घेण्याइतके ग्राहक जमले, तरच तो स्वस्तात मिळेल.