आजीची फांदी

अड्याळला आमच्या विहिरीजवळ गावठी गुलाब होता. वाटीएवढं फिकट गुलाबी फूल, सकाळी दरवळ, दुपारच्या उन्हात पाकळ्या खाली. आजी त्या वेचून बरणीत थर लावायची, पाकळ्यांवर खडीसाखर, की गुलकंद. कुणी झाड मागितलं तर म्हणायची, "फांदी नेजो, पन मुळाले हात लावजो नोको."

बांधापलीकडचं धान बियाण्याने पुढे जातं. फांदीचं तसं नाही. खोचलेली फांदी म्हणजे झाडाचं मूल नव्हे, तेच झाड. आमच्या गल्लीतल्या सांदवाड्यांत आजीचाच एक गुलाब फुलत होता, हे मला बल्गेरियाबद्दल वाचताना उमगलं.

तिथे आणि तुर्कस्तानात अत्तरासाठी दमास्क गुलाबाचे मळे आहेत. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या मळ्यांतल्या झाडांचा डीएनए तपासला. डीएनएत काही जागी दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. किती वेळा येतात, ते झाडागणिक बदलतं. तीच खूण. दोन्ही देशांतल्या त्या झाडांच्या खुणा तंतोतंत जुळल्या. शेकडो मैलांवरचे मळे, पण झाड एकच, माणसांनी हातोहात नेलेलं. इराणात मात्र दमास्कचे एकाहून अधिक वाण सापडले. गुलाब हा शब्दही तिकडचाच: गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी.

आमच्याकडे पोवारांच्या घरी भाट वंशावळीची पोथी घेऊन यायचे. गुलाबाची पोथी पानातच असते. जपानी संशोधकांनी 2000 साली ती वाचली, तेव्हा दमास्कचे पूर्वज दोन नव्हे, तीन निघाले आणि तिसरा थेट मध्य आशियातला रानगुलाब. आजच्या गुलाबांचं बारमाही फुलणं चीनचं देणं. बहर रोखणाऱ्या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा शिरला आणि रोखच सुटला. 'ओल्ड ब्लश' या जुन्या चिनी गुलाबाचा सगळा जनुकसंच 2018 साली वाचून झाला. ज्याला आपण गावठी म्हणतो त्या जातीमागे एवढी वाटचाल आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

विहीर बुजवली तेव्हा आमचं झाड गेलं. मागच्या पावसाळ्याच्या तोंडी समोरच्या घरून फांदी मागून आणली. पानं काढली, दोन डोळे मातीत, तीन वर. महिन्याभराने वरच्या डोळ्यातून लालसर कोंब निघाला.