सफारी : तंबू, रान आणि गुरे



सफर हा शब्द आपल्या चांगल्या ओळखीचा. मूळचा तो अरबी. आपल्याकडे तो फारसीच्या वाटेने आला, तर अरब व्यापाऱ्यांबरोबर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरला. तिथल्या स्वाहिली भाषेत त्याचे 'सफारी' झाले. अर्थ एवढाच, की प्रवास. पुढे गोरे शिकारी आले आणि सफारी म्हणजे बंदुका, तंबू आणि हमालांचा तांडा, असे जग समजू लागले.

हा तांडा केवढा असे? अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली मुलासह पूर्व आफ्रिकेत गेले. त्यांच्याबरोबर दोनशेहून अधिक हमाल होते. बापलेकांनी मिळून पाचशेहून अधिक जनावरे मारली. त्यांतली बरीचशी संग्रहालयासाठी म्हणून अमेरिकेत गेली. हळूहळू बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. केनियाने तर १९७७ साली शिकार बंदच केली. तंबू मात्र राहिला.

आता असे समजा, की तुम्ही टांझानियातल्या सेरेंगेटीच्या माळावर तंबू ठोकून राहिला आहात. रात्री दूर कुठे सिंहाची डरकाळी ऐकली. पहाटे चहा घेऊन उघड्या टपाच्या जीपमध्ये बसलात. वाटाड्या हळूच बोट दाखवतो. पाहता तो काय, विल्डबीस्ट नावाच्या थोराड हरणांचे कळपच्या कळप, मध्येच झेब्रे, मागे टपून बसलेले तरस. नजर पोचेल तिथवर जनावरे. तुमच्या मनात येते, सृष्टी जन्मली तेव्हापासून हे असेच असेल!

पण मंडळी, तसे नाही बरं का. या रानाचा इतिहास गोठ्यातून जातो.

बुळकांडी हे नाव आपल्या जुन्या माणसांना सांगायला नको. जनावराला ताप भरायचा, तोंडात चट्टे पडायचे, रेच लागायचा आणि थोड्या दिवसांत दावण रिकामी. हा रोग १८८० नंतरच्या दशकात, बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर आफ्रिकेच्या ईशान्य टोकाला पोचला आणि दहाएक वर्षांत दक्षिण टोकापर्यंत गेला. सेरेंगेटीच्या माळावर गुरे चारणारे मसाई लोक दूध आणि जनावर यांवर जगणारे. त्यांची बहुतेक गुरे मेली आणि पाठोपाठ माणसे उपासमारीने मेली. रानम्हशी आणि विल्डबीस्टही गेले. नंतर आलेल्या साहेबांना जो ओस माळ दिसला, तो असा ओस झालेला होता.

मग कळप परत आले कसे? गुराढोरांना लस टोचली म्हणून! १९५० नंतर आणि १९६० च्या सुमारास भोवतालच्या गावांतल्या गुरांना बुळकांडीची लस नेटाने टोचली गेली. रानातल्या एकाही हरणाला कोणी सुई लावली नाही. रोग गुरांकडून रानात जात होता. गोठ्यात तो थांबला तसा रानातही थांबला. १९६१ साली विल्डबीस्ट होते सुमारे अडीच लाख. पुढे पाऊसमानही बरे झाले आणि १९७७ पर्यंत ते बारा लाखांच्या पुढे गेले. एवढी तोंडे चरू लागल्यावर वाळके गवत कमी उरले, वणवे घटले आणि झाडेही पुन्हा वाढू लागली. २०११ साली बुळकांडी साऱ्या जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले.

आता गोष्टीची दुसरी बाजू पाहा. सेरेंगेटी १९५१ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९५९ साली मसाईंना त्यातून बाहेर पडावे लागले. शेजारचा गोरोंगोरोचा मुलूख त्यांच्यासाठी आणि वन्य प्राण्यांसाठी सामाईक ठेवला. ज्या कुरणात पिढ्यान्‌पिढ्या गुरे आणि हरणे शेजारीशेजारी चरली, तिथे गुराला बंदी आली. जीपमधल्या पाहुण्याला वाटते, इथे माणूस कधी नव्हताच. होता, त्याला उठवले.

रान राखू नये, असे यातून कोणी काढू नये. उद्यान झाले नसते तर तिथे नांगर आणि बंदूक यांनी काय केले असते, हे सांगायला नको. पण रान राखले, तर त्याची किंमत कोणी दिली, हेही नोंदले पाहिजे. आपल्याकडे ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तिथेही वाघासाठी काही गावे हलली. वाघ पाहायला जाल तेव्हा ती गावे कुठे वसली, तेवढे जरूर विचारा.

गुरुजींना एक विनंती. मुलांना सिंहाचे चित्र दाखवाल, तेव्हा शेजारी एक गाय काढायला सांगा. आणि विचारा, ही इथे कशाला? उत्तर गुराख्याचा पोरगा आधी देईल.